मेंदूतील रक्तस्राव आणि रक्ताचे रिपोर्ट : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील पक्षाघातावरील लेखानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख रक्ततपासणीच्या रिपोर्टवर होता. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना बीपीचा त्रास जुना आहे. दिवाळीच्या आधी एका पहाटे त्यांचा उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणे बंद झाले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या भागात खोलवर रक्तस्राव दिसला. आयसीयूत असताना रोज रक्त घेतले जाई आणि सीआरपी, डी-डायमर, ट्रोपोनिन, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट यांचे आकडे रिपोर्टमध्ये ठळक छापून येत. पुण्याचा माझा मावसभाऊ म्हणतो की मेंदूची इजा थेट मोजणारी ‘जीएफएपी’ नावाची तपासणी आता निघाली आहे आणि ती केली असती तर आजाराचे गांभीर्य पहिल्याच दिवशी कळले असते. ती का केली नसेल? आणि जे रिपोर्ट केले, त्यांतून नेमके काय कळत होते? वडील आता घरी आहेत आणि काठी घेऊन चालतात.
(गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आपल्या वडिलांच्या आजाराचे गांभीर्य पहिल्या दिवशी कळलेलेच होते आणि ते सीटी स्कॅनने व डॉक्टरांनी केलेल्या प्रत्यक्ष तपासणीने कळले होते. रक्ताची गाठ किती मिलिलिटरची आहे, ती मेंदूच्या वरच्या भागात आहे की खाली लहान मेंदूत किंवा मस्तिष्कस्तंभात, रक्त मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांत उतरले आहे का, रुग्णाची शुद्ध कितपत आहे आणि वय ८० च्या पुढे आहे का, या पाच गोष्टींवरून ० ते ६ असा गुणांक काढण्याची पद्धत २००१ पासून जगभर वापरली जाते. गाठ ३० मिलिलिटर किंवा त्याहून मोठी असेल तर एक गुण वाढतो. या पाचांत रक्ताची एकही तपासणी नाही, हे ध्यानात घ्यावे.

मग रोज रक्त कशासाठी घेतात? त्यातील पहिला भाग असा की, ज्यावरून उपचार ताबडतोब बदलतात अशा काही अगदी साध्या तपासण्या असतात. रक्तस्राव झाल्यानंतर पहिल्या काही तासांत साधारण एक तृतीयांश रुग्णांत गाठ आणखी मोठी होते आणि त्या वेळी रक्ताची गोठण्याची क्षमता कशी आहे हे कळणे सर्वांत निकडीचे असते. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आयएनआर वाढलेला असेल तर तो औषधाने उतरवावा लागतो, प्लेटलेट फारच कमी असतील तर त्या चढवाव्या लागतात, साखर फार चढली किंवा उतरली तर ती सावरावी लागते आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वाढत असेल तर बीपीची औषधे व त्यांचा वेग यांचा फेरविचार करावा लागतो. भारतासह दहा देशांतील ७,०३६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरॅक्ट-३ या अभ्यासात बीपी, साखर, ताप आणि आयएनआर या चारही गोष्टी पहिल्या तासांत एकत्रितपणे आटोक्यात आणल्यावर रुग्णांची स्थिती नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगली राहिली. त्या यशात कोणत्याही नव्या, महागड्या तपासणीचा वाटा नव्हता.

आता आपल्या रिपोर्टमधील ठळक आकड्यांकडे वळू. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेले रक्त मेंदूत निपचित पडून राहत नाही. त्यातील लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन मोकळे होते, त्यातून लोह सुटते, आणि या सर्वांविरुद्ध शरीराची दाहक प्रतिक्रिया सुरू होऊन गाठीभोवतीची सूज पुढे कित्येक दिवस वाढत राहते. या प्रतिक्रियेत रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात आणि लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी घटतात. त्यांचे गुणोत्तर जितके जास्त, तितकी सूज आणि पुढील अपंगत्व जास्त असण्याकडे कल दिसतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हे गुणोत्तर साध्या सीबीसीवरून निघते, त्यासाठी वेगळा खर्च नाही. पण ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेल्याने न्यूमोनिया झाला, लघवीच्या नळीमुळे जंतुसंसर्ग झाला, एवढेच काय पण स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तरी हेच गुणोत्तर वाढते. शरीरातील दाह दाखवणाऱ्या सीआरपीचेही तसेच आहे. म्हणून पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो अचानक चढला, तर डॉक्टर अधिक सावध होतात आणि छातीचा एक्स-रे काढायला सांगतात.

डी-डायमर हा रक्ताची गुठळी तयार होऊन विरघळत असल्याचा पुरावा असतो. तो गाठीच्या आकाराबरोबर वाढतो, रक्त पोकळ्यांत उतरले असेल तर आणखी वाढतो आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायाच्या शिरेत गुठळी होत असेल तरीही वाढतो. त्यामुळे एकट्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. लुळ्या पायाला सूज आली असेल, तर सोनोग्राफी करून खात्री करावी लागते.

ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन; त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यावरून घरच्यांची सर्वाधिक घालमेल होते. मेंदूत मोठा आघात झाला की ॲड्रेनालिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात आणि त्यांचा ताण हृदयाच्या स्नायूवर पडून ट्रोपोनिन वाढतो. त्याचा अर्थ प्रत्येक वेळी हृदयाची वाहिनी बंद झाली असा होत नाही. ईसीजी आणि टूडी-इको पाहून हा फरक करावा लागतो आणि तो जपून करावा लागतो, कारण हृदयविकाराचा झटका समजून ॲस्पिरिन व हेपॅरिन सुरू केले, तर मेंदूतील रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. आपल्या वडिलांना ट्रोपोनिन वाढूनही ती औषधे दिली गेली नसतील, तर त्यामागे हाच विचार असणार.

राहिला प्रश्न जीएफएपीचा. मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशी असतात आणि हे प्रथिन त्यांच्या आतील सांगाड्यात असते. एरवी ते रक्तात अगदी नगण्य सापडते. रक्तस्रावात या पेशी दाबाने तत्काळ फुटतात, म्हणून ते पहिल्या काही तासांतच रक्तात वाढते. वाहिनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघातात मात्र पेशी हळूहळू मरतात आणि ते उशिरा वाढते. गोदावरीच्या पुरात काठची भिंत एकाएकी कोसळते, पाण्यावाचून द्राक्षबाग वाळायला मात्र दिवस लागतात, तसा हा फरक आहे. गाठ जितकी मोठी तितके जीएफएपी जास्त, हेही खरे आहे. परंतु गाठ किती मोठी हे सीटी स्कॅनवर डोळ्यांनी दिसत असताना तेच आडमार्गाने सांगणाऱ्या तपासणीने आपल्या वडिलांचे उपचार बदलले नसते. अशा रुग्णांसाठी ही तपासणी आजही प्रामुख्याने संशोधनात वापरली जाते, त्यामुळे डॉक्टरांनी काही राहू दिले असे मला वाटत नाही.

चेतातंतूंमधून झिरपणाऱ्या न्यूरोफिलामेंट या दुसऱ्या प्रथिनाबद्दलही आपण कदाचित ऐकाल. ते दिवसेंदिवस आणि आठवडेच्या आठवडे वाढत जाते आणि दीर्घकालीन अपंगत्वाशी त्याचा संबंध दिसतो. मात्र ते वयानुसार मुळातच वाढते आणि इतर अनेक मज्जाविकारांतही वाढलेले असते.

या सर्व आकड्यांची एक मर्यादा मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो. शंभर रुग्णांचा गट घेतला तर हे आकडे गटाबद्दल बरेच अचूक बोलतात. समोरच्या खाटेवरील एका माणसाबद्दल ते तितके अचूक नसतात. ‘रिपोर्ट वाईट आहेत’ म्हणून पहिल्याच रात्री उपचार थांबवले तर रुग्ण दगावतो आणि मग भाकीत खरे ठरल्यासारखे वाटते. म्हणूनच २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार, रुग्णाने किंवा कुटुंबाने आधीच तशी इच्छा व्यक्त केलेली नसेल तर उपचार मर्यादित करण्याचा नवा निर्णय किमान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत पुढे ढकलावा. माझ्या मते त्याहून अधिक थांबले तरी बिघडत नाही.

प्रश्न : माझ्या आईच्या हृदयाची कृत्रिम झडप बसवलेली आहे आणि ती रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेते. द्राक्षहंगामात आयएनआर तपासायला जायचे राहून जाते. मेंदूत रक्तस्राव होईल या भीतीने ती अधूनमधून गोळी बंद करते. हे योग्य आहे का?
(निफाड)

उत्तर : योग्य नाही, आणि या बाबतीत मी मुळीच आडपडदा ठेवणार नाही. गोळी बंद केल्यास कृत्रिम झडपेवर गुठळी होऊन ती झडप अडकू शकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. आयएनआर मर्यादेपलीकडे गेला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही खरे. म्हणून उपाय गोळी सोडण्याचा नसून आकडा पाहत राहण्याचा आहे. झडप कोणती आणि कोठे बसवली यानुसार हा आकडा साधारण २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ या दरम्यान राखायचा असतो. आपल्या आईसाठी कोणता, हे त्यांच्या हृदयतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्यावे. मात्रा स्थिर असताना महिन्यातून एकदा तपासणी बहुधा पुरते, परंतु नवे प्रतिजैविक, वेदनाशामक किंवा एखादा काढा सुरू झाला तर ती लवकर करावी लागते. ज्या नव्या गोळ्यांना आयएनआरची तपासणी लागत नाही, त्या धातूच्या कृत्रिम झडपेसाठी चालत नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याची गोळी पाहून बदल करू नये.

असह्य डोकेदुखी, उलट्या, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूचा अशक्तपणा जाणवला, तर रुग्णालयात शिरताच पहिले वाक्य ‘आई रक्त पातळ होण्याची गोळी घेते’ हे असावे. त्या एका वाक्याने आयएनआरची तपासणी पुढे सरकते आणि आकडा वाढलेला असल्यास व्हिटॅमिन के व गोठणघटकांचे इंजेक्शन, अथवा ते उपलब्ध नसेल तर प्लाझ्मा, लवकर सुरू होतो.

याच्याशी जोडून एक सांगतो. ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णाला रक्तस्राव झाला की नातेवाईक प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढ्यांत धावाधाव करू लागतात. शस्त्रक्रिया करायची नसेल, तर अशा रुग्णांना प्लेटलेट चढवल्याने लाभ होण्याऐवजी हानीच अधिक झाल्याचे २०१६ मध्ये पॅच या अभ्यासात दिसून आले. डेंग्यूमध्ये प्लेटलेट खूप घसरून रक्तस्राव झाला, तर गोष्ट वेगळी असते.

प्रश्न : माझ्या मेहुणीच्या मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा फुटला. कॉइलिंग (फुग्यात बारीक तारा भरून तो बंद करणे) यशस्वी झाले, ती बोलू-हसू लागली आणि सातव्या दिवशी पुन्हा गुंगीत गेली. डॉक्टर म्हणाले, सोडियम उतरले आहे आणि वाहिन्याही आकुंचन पावत आहेत. ऑपरेशन चांगले होऊनही असे का व्हावे?
(नाशिकरोड)

उत्तर : फुगा बंद केल्याने पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका टळतो, परंतु आधीच सांडलेले रक्त मेंदूच्या आवरणाखालील पाण्यात तसेच राहते. ते विरघळताना सुटणारे हिमोग्लोबिन आणि दाहक द्रव्ये आसपासच्या वाहिन्यांना डिवचतात आणि साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान काही रुग्णांत वाहिन्या आवळतात व मेंदूच्या काही भागांना रक्त कमी पडते. म्हणजे आपल्या मेहुणीची तब्येत ज्या काळात बिघडली, तो काळ या आजारात अपेक्षित धोक्याचाच होता. निमोडिपिन हे औषध २१ दिवस दिले जाते ते याचसाठी.

असे कोणाला होईल हे रक्तावरून आधी सांगता यावे, यासाठी बरेच संशोधन चालू आहे. मोकळे हिमोग्लोबिन पकडून ठेवणारे हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन आपल्या रक्तात असते. त्याचे जनुकीय प्रकार माणसागणिक भिन्न असतात आणि एका विशिष्ट प्रकारच्या व्यक्तींना फुगा फुटल्यानंतर त्रास अधिक होतो, असे काही अभ्यासांत आढळले आहे. हा विषय मला स्वतःला फार मोलाचा वाटतो, कारण एकसारखाच रक्तस्राव झालेल्या दोन रुग्णांची वाटचाल इतकी निराळी का होते, याचा एक दुवा त्यात मिळू शकतो. आज मात्र आयसीयूत निर्णय घेतले जातात ते वारंवार केलेली प्रत्यक्ष तपासणी, डॉपलर, अँजिओग्राफी आणि अगदी साध्या सोडियमच्या आधारे.

सोडियम येथे दुहेरी महत्त्वाचे आहे. या आजारात मूत्रपिंडांतून मीठ आणि त्यासोबत पाणीही निघून जाऊ शकते. सोडियम उतरले की मेंदूची सूज वाढते, आणि शरीरातील पाणी घटले की आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त आणखी कमी वाहते. इतर अनेक आजारांत सोडियम कमी झाल्यावर पाणी पिण्यावर बंधन घालतात, तसे येथे केले तर अपाय होतो, म्हणून सलाइनमधून मीठ देऊन ते सावरले जाते. भेटायला येणारे जाणते लोक ‘पाणी कमी द्या’ असा सल्ला देत असतील, तर तो नम्रपणे बाजूला ठेवावा. सोडियम एकदम वर आणणेही मेंदूला बाधक असल्याने ते बेताबेताने वाढवतात आणि म्हणूनच दिवसातून अनेकदा रक्त घ्यावे लागते.

प्रश्न : अंबडच्या कारखान्यातून परतताना माझा मुलगा दुचाकीवरून पडला. डोक्याला मार लागला, पण तो शुद्धीवर होता. रक्ताच्या तपासणीने सीटी स्कॅन टाळता येतो, असे वाचले. ते खरे आहे का?
(सिडको, नाशिक)

उत्तर : अंशतः खरे आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या दोन प्रथिनांच्या तपासणीला डोक्याच्या सौम्य दुखापतीसाठी परवानगी मिळाली आणि २०२४ मध्ये बोटभर आकाराच्या कार्ट्रिजवर, रुग्णाच्या खाटेजवळच करता येईल अशा तपासणीलाही मिळाली. स्कँडिनेव्हियातील देशांत एस१००बी हे प्रथिन मार लागल्यापासून सहा तासांच्या आत ०.१० मायक्रोग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी असेल तर निवडक रुग्णांत स्कॅन टाळावा, अशी पद्धत २०१३ पासून आहे. या तपासण्यांचा उपयोग ‘रक्तस्राव असण्याची शक्यता फार कमी’ एवढे सांगण्यापुरता आहे. आकडा वाढलेला आला तर स्कॅन करावाच लागतो, आणि हाड मोडले असेल तर एस१००बी तसाही वाढतो. आपल्याकडे स्कॅन सहज होऊ शकतो अशा ठिकाणी अशी तपासणी शोधत फिरू नये. शुद्ध हरपली असेल, उलट्या होत असतील, कानानाकातून पाणी किंवा रक्त येत असेल, वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर थेट स्कॅनच करावा.

प्रश्न : आमच्या भागात सीटी स्कॅन नाही. नाशिकला पोहोचेपर्यंत घाट ओलांडण्यातच वेळ जातो. पक्षाघात गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे गावातच रक्तावरून कळू शकेल का?
(सुरगाणा तालुका)

उत्तर : या सदरात आलेल्या सर्व प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या तपासण्यांचा खरा उपयोग मोठ्या शहरातील आयसीयूपेक्षा आपल्यासारख्या ठिकाणी होणार आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि तेच इंजेक्शन रक्तस्रावात जीवघेणे ठरते, म्हणून भेद कळल्याशिवाय ते देता येत नाही. बीपीचेही तसेच आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरॅक्ट-४ या चीनमधील अभ्यासात रुग्णवाहिकेतच बीपी उतरवल्यावर रक्तस्रावाच्या रुग्णांना फायदा झाला, गुठळीच्या रुग्णांना तोटा झाला आणि एकूण निष्पत्ती शून्य आली. कोणता रुग्ण कोणता, हे रुग्णवाहिकेत कळले असते तर तोटा टाळून फायदा तेवढा पदरात पडला असता.

जीएफएपीकडे संशोधकांचे लक्ष आहे ते याचसाठी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका अभ्यासात या तपासणीने रक्तस्रावाचे सुमारे ८४ टक्के रुग्ण ओळखले. उरलेले निसटले, आणि लहान गाठीचे रुग्ण निसटण्याची शक्यता अधिक असते. ज्या इंजेक्शनने रक्तस्रावाच्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो, ते देण्यासाठी एवढी खात्री पुरेशी नाही. बीपी उतरवण्याचा किंवा कोणत्या रुग्णालयात न्यायचे याचा निर्णय घेण्यासाठी मात्र पुढेमागे ती पुरेशी ठरू शकेल.

तोवर काय करावे? चेहरा वाकडा होणे, हात उचलता न येणे किंवा बोलणे बोबडे होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करावा आणि त्रास नेमका केव्हा सुरू झाला ती वेळ लिहून ठेवावी. चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत. जवळच्या आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी, कारण साखर फार उतरल्यानेही पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात आणि ती पाच मिनिटांत सुधारता येतात. तोंडाने पाणी, औषध काहीही देऊ नये. ‘हार्टला चालते म्हणून’ घरातील ॲस्पिरिनची गोळी तर अजिबात देऊ नये. रुग्णाला सीटी स्कॅन चोवीस तास उपलब्ध असलेल्या ठिकाणीच थेट न्यावे. मध्ये दोन दवाखाने फिरण्यात जो वेळ जातो तो घाटातील वेळेपेक्षा पुष्कळदा जास्त असतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत आरोग्य तपासणी शिबिराच्या पॅकेजमध्ये ‘स्ट्रोक मार्कर’ नावाच्या तपासण्या देऊ करत आहेत. ब्रेन हॅमरेज होणार की नाही हे त्यावरून आधी कळेल का?
(इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : कळणार नाही. वर ज्या मेंदूतील प्रथिनांचा उल्लेख आला, ती इजा झाल्यानंतर रक्तात येतात. मेंदूतील रक्तस्रावाचे सर्वांत मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण उच्च रक्तदाब हे आहे आणि तो घरीच मोजता येतो. पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीला ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी व संध्याकाळी, आठवडाभर मोजून वहीत लिहावे. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे.